बिननंबरी जागा

आमचा डोंगा एखाद्या देवळावरून चालला आहे, हे आम्हांला मोजणीसाहेबांच्या चपलांवरून कळायचं. चारी बाजूंना सारखंच पाणी, वर सारखंच आभाळ. ते मांडीवरच्या नकाशाकडे बघायचे, मग काठावरच्या दोन खुणांकडे बघायचे आणि काही न बोलता पायांतल्या चपला काढून शेजारी ठेवायचे. थोड्या वेळानं पुन्हा घालायचे.

"झालं का जी देऊळ?" डोंगा चालवणारा धर्मा विचारायचा.

"झालं. आता शाळेचं मैदान हाये. वल्हं दमानं मार."

एकदा मी विचारलं, "तुम्ही घरात तर कधी देवाला हात जोडत नाही."

"देवाले मी कायले मानू? मी नकाशाले मानतो. नकाशात देऊळ हाये."

पवनीत मी त्यांच्या घरी भाड्यानं राहत होते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल पत्रकं काढायची, म्हणून मी तिथं आले होते. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीच 'बंधूंनो आणि भगिनींनो' या दोन शब्दांवर. त्यामुळं जगात अन्याय करणारे एका बाजूला आणि सोसणारे दुसऱ्या बाजूला, मधे एक स्वच्छ रेघ, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. घरमालक सरकारी मोजणीतून निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. मी पहिल्या दिवशीच त्यांना रेघेच्या पलीकडं टाकून मोकळी झाले.

घर कोष्ट्याचं होतं. वडिलांचा माग केव्हाच बंद पडला होता, पण पुढच्या खोलीतला मागाचा खड्डा त्यांनी बुजवला नव्हता. त्या खड्ड्यात पाय सोडून, वडील बसायचे तसेच ते बसायचे. मागाच्या जागी छातीच्या उंचीवर एक भलीमोठी फळी टाकलेली. तिच्यावर बुडालेलं खोरं होतं. कापडावर डकवलेले जुने गावनकाशे त्यांनी कुठून कुठून मिळवले होते. कोणाच्या आजोबांच्या पेटीतून, कोणा जुन्या पटवाऱ्याच्या माळ्यावरून. उंदरांनी खाल्लेले, हळदीचे डाग पडलेले. ते एकमेकांना जोडून वैनगंगेच्या दोन्ही तीरांची जमीन पाणी येण्याआधी कशी होती, ते पुन्हा काढायचं काम निवृत्तीपासून रोज सकाळी चालायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देणार नव्हतं.

जुन्या गावनकाशात उंची नसते. हद्दी असतात, नंबर असतात, विहिरी आणि नाले असतात. पण जमीन कुठं चढते, कुठं उतरते, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते त्यांनी धुऱ्यांवरून, शेतांच्या बांधांवरून, काढलं. तिकडं धानाच्या शेताला बांधी म्हणतात. बांधीत पाणी सपाट उभं राहायला हवं, म्हणून उतार जास्त असेल तिथं शेतकरी बांध्या लहान पाडतो आणि जमीन सपाट असेल तिथं मोठ्या. नकाशावर लहान लहान चौकटींची दाटी दिसली की त्यांचं बोट थांबायचं. "इथी टेकाड होतं," ते म्हणायचे. "सरकारनं जमीन एकदाच मोजली. या लोकांनी दरसाल पानी उभं करून तोलली. त्यांची मोजणी माह्यापेक्षा पक्की."

तेवढ्यावरही त्यांचं भागायचं नाही. बाजाराच्या दिवशी ते बुडीत गावचा एखादा म्हातारा गाठायचे आणि राम राम न करता विचारायचे, "तुमच्या बांधीचं पानी कोनाच्या बांधीत उतरे?"

म्हातारा आधी संशयानं बघायचा. मग त्याला शेजारी आठवायचा, शेजाऱ्यानं फोडलेला धुरा आठवायचा, त्यावरून झालेली मारामारी आठवायची. तो शिव्या देत देत सगळं सांगायचा आणि साहेब खिशातल्या कागदावर एक बाण काढायचे. उतार ज्या दिशेनं, बाण त्या दिशेनं. अशा किती भांडणांवर तो नकाशा उभा होता, देव जाणे. पाण्याखाली जाऊन वादीही संपले होते आणि प्रतिवादीही. उतार तेवढा राहिला होता.

मासेमारांना या नकाशाचा भलताच उपयोग होता. जाळं कुठं फाटेल ते त्यांना कळायचं. सकाळी दोघं-तिघं ढिवर ओसरीवर येऊन बसायचे आणि आज अमक्या बाजूला जातो म्हणून सांगायचे. साहेब फळीवर वाकून म्हणायचे, "तथी मोहाची सात झाडं हायेत. त्यांच्या उत्तरेले टाका."

"आन् साहेब, मासोळी कोनत्या नंबरात हाये, तेबी पाहा ना जी!"

"मासोळीले सातबारा नाही," साहेब मान वर न करता म्हणायचे, आणि ओसरी हसायची. ते स्वतः हसत नसत.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात चालायचा नाही. दूध किती आणू विचारलं आणि मी 'थोडं' म्हटलं की ते दारातच उभे राहायचे. माझं पहिलं पत्रक मी त्यांना मोठ्या तोऱ्यात वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दाराच्या फटीतून आत आलं. 'शेकडो घरे पाण्यात गेली' या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शेकडो म्हणजे किती?' 'निर्दयपणे' या शब्दाभोवती गोल होता आणि पुढं प्रश्न: 'कोण?'

मी तशीच जाऊन उभी राहिले. "माणसं देशोधडीला लागली आणि तुम्ही आकडे विचारता?"

"तू ज्याच्यासाठी लिहून राहिली, त्यानं साहेबासमोर हा कागद ठेवला तर साहेब काय विचारंल?"

"साहेब लोकांसाठी मी लिहीत नाही."

"मंग कोनासाठी लिहितेस, पत्रकबाई? ज्याचं घर गेलं त्याले तर ठाऊकच हाये."

या माणसाचा राग मला कितीतरी दिवस होता.

त्या एवढ्या भरगच्च नकाशात एक जागा कोरी होती. एका गावाच्या खालच्या अंगाला, नाला नदीला मिळतो तिथं, तळहाताएवढा पांढरा तुकडा. बाजूच्या जमिनीला नंबर होते, बाण होते, झाडं होती. तिथं काहीच नव्हतं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "तथी काम बाकी हाये." आणि दोन्ही वेळा त्यांनी फळीवर कापड ओढलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. फळी त्यांच्या बहिणीच्या घरी आहे. त्या तुकड्याबद्दल मला पुढं जे कळलं, ते त्यांच्याबद्दल चांगलं सांगावं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. म्हणून घडलं तसं सांगते.

त्या नाल्याच्या तोंडाशी ढिवरांची टोली होती. सतरा घरं. गाव वर, टोली खाली नदीकाठच्या सरकारी जमिनीवर. पाणी आलं तेव्हा गावाला नवं गावठाण मिळालं, टोलीला मिळालं नाही. कारण त्या जमिनीला नंबर नव्हता आणि नकाशात तिथं घरंच नव्हती. रेशनकार्डावर गावाचं नाव होतं, पण घर क्रमांकाच्या जागी आडवी रेघ. टोली आपल्या आपण उठली आणि नव्या गावठाणाच्या कडेला, रस्त्याच्या भरावावर झोपड्या घालून राहिली. आता तिथून उठायची नोटीस आली होती. अतिक्रमण. सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, "तुम्ही बुडीत गावचे, हे ठीक. पण घर कुठं होतं ते दाखवा." मागून कोणीतरी म्हणालं होतं, "नदीत," आणि लोक हसले होते.

हे सगळं मला पारबताबाईनं सांगितलं. टोलीतली सगळ्यांत वयस्कर बाई, धर्माची मावशी. पुढच्या तारखेला कागद दाखवला नाही तर सतराही घरं उठणार होती. मोजणीसाहेबाकडं सगळ्या खोऱ्याचा नकाशा आहे, हे तिला भाच्याकडून कळलं होतं. मी तिला आत नेलं. साहेब खड्ड्यात बसलेले. ती दारातच थांबली, डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं बघत राहिली.

"तुमीच ना जी ते?" ती म्हणाली. "तवा मिशा काळ्या होत्या. आमच्या अंगनात करंजाखाली तिपाईवरचं टेबल मांडलं होतं तुमी. माह्या सासूनं तुमाले आंबील देल्ली होती."

साहेबांच्या हातातली पेन्सिल खाली खड्ड्यात पडली. ते वाकून शोधू लागले. फार वेळ शोधत होते.

"आमची घरं हायेत ना जी याच्यात?" ती फळीकडं बघत म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण नदी ओळखता येत होती. नदीवरून बोट आणत आणत ती नाल्याच्या तोंडाशी आली आणि त्या पांढऱ्या तुकड्यावर थांबली. "इथी तं काहीच नाही."

"उद्या ये," साहेब म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी, धोतराच्या घडीत एक टिपणवही होती. मोजणीदार शेतात उभं राहून ज्यात मोजमापं लिहितो ती कच्ची वही. तिच्यावरून मग पक्का नकाशा काढतात आणि वही कचेरीत जमा करतात. ही जमा झालेली नव्हती.

"धरनाची जमीन मोजाले मी गेलतो," ते म्हणाले. "टोलीपन मोजली. हे पाहा, सोळा घरं. हरेक घर माह्या टेबलापासून किती, टेबल देवळापासून किती, विहिरीपासून किती. मंग पक्का नकाशा काढाले बसलो तं वरचे साहेब म्हणाले, बिननंबरी जागेवर काय हाये ते आपलं काम नोहे. आपलं काम नंबर. तेवढं काढून टाका. मी खोडरबर घेतला."

"आणि वही?"

"वहीत खोडता येत नाही. शाईची असते. जमा करायची हिंमत झाली नाही, फाडायचीबी झाली नाही."

मी त्यांच्यासमोर बसले होते. ज्या माणसाला 'निर्दयपणे' या शब्दापुढं 'कोण?' असं विचारायची सवय होती, तो माझ्यापुढं बसून उत्तर देत होता. पत्रकांत अन्याय करणारे नेहमी 'ते' असतात. त्यांच्या घरचा चहा आपण प्यालेला नसतो.

"सोळा का? घरं तर सतरा."

त्यांनी पानाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं एक लहानसा गोल होता आणि गोलात टिंब. "हा माह्या टेबलाचा बिंदू. पारबताचं अंगन. सगळी घरं मी तिच्या अंगनातून मोजली. जथी मी उभा होतो, तेच घर मोजायचं राहिलं." बोट तसंच त्या टिंबावर होतं. "असं होते. नवा मानूस चुकते. मी नवा होतो."

टोलीतलं हिचंच घर वहीत नव्हतं, आणि टोलीसाठी कागद मागायला हीच आली होती. मी म्हटलं, "मग आता घाला. त्या गोलाशेजारी एक चौकट. त्याच शाईनं. एक रेघ मारायला काय लागतं?"

"नाही."

"खरं घर होतं! तुम्ही त्याच्या अंगणात आंबील प्यालात!"

"होतं. पन त्या दिवशी मी ते लिहिलं नाही. आज लिहून ते त्या दिवशीचं म्हनू काय? एकदा खोडलं, आता एकदा घुसडू?"

"तुम्ही खोटं न लिहिता सतरा घरं बुडवलीत," मी म्हणाले. "खरं राहायची एवढी हौस तेव्हा कुठं गेली होती?"

त्यांनी वही मिटली आणि फळीवर कापड ओढलं. दुसऱ्या दिवशी पारबताबाई येऊन गेली तरी कापड तसंच होतं. मी सामान बांधायला घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. अंगात धुतलेला शर्ट, काखेत वही.

"सुनावणीले चाल," ते म्हणाले. "तू बोलू नको. फक्त चाल."

सुनावणीत मी खरंच बोलले नाही. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानं सगळं सांगितलं. खोडरबरापासून. अधिकारी वही उलटून उलटून बघत होते.

"हा सरकारी दस्तऐवज आहे. तुमच्या घरी कसा?"

"जमा केला नाही."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. प्रकरण अंगावर येऊ शकतं. माहीत आहे ना?"

"माहीत हाये. आधी घरं घ्या, मंग मले घ्या."

अधिकारी बरे होते. त्यांनी सोळा घरं वहीवरून मान्य केली. सतराव्याबद्दल म्हणाले, वहीत नाही, मी घेऊ शकत नाही. पण पाणी उतरलं की पटवाऱ्याला जागेवर पाठवतो. घराची काही खूण सापडली तर पंचनामा करा, नाव घालतो. नाही सापडली तर ते एक घर उठेल.

पारबताबाई बाहेर पायरीवर बसली होती. धर्मानं तिला सांगितलं. सोळा घरांची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि ती सगळ्यांकडं बघून हसत होती. मला म्हणाली, "चांगलं झालं वो माय. माहं एकटीचं काय."

मे महिन्यात पाणी हटलं. नाल्याच्या तोंडाशी कुठं चिखल, कुठं गुडघाभर पाणी, अशी जागा उघडी पडली. आम्ही धर्माच्या डोंग्यातून निघालो. साहेब, पारबताबाई, मी आणि पटवारी. पटवारी नवा मुलगा होता, गळ्यात मोबाईल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. धर्मानं वाटेत विचारलं, "पटवारी साहेब, पान्यात पवाले येते का?" तो म्हणाला, "भरती परीक्षेत नव्हतं." पारबताबाईसुद्धा हसली.

निघण्याआधी तिनं पटवाऱ्याला सांगून ठेवलं होतं. "घर मातीचं, ते तं विरघळलं असंल. पन माह्या अंगनात, साहेबानं टेबल मांडलं तथीच, जमिनीत गाडलेलं गोट्याचं उखळ होतं. दोन खळग्यांचं. एक मोठा, एक लहान. लहान्याच्या काठाचा टवका गेलेला. निघाले नाही ते, म्हून तसंच सोडून आलो." पटवाऱ्यानं ते वहीत लिहून घेतलं. साहेबांनीच त्याला आधी लिहायला लावलं होतं, सापडण्याच्या आधी.

मग साहेबांचं काम सुरू झालं. देवळाचा दगडी चौथरा उघडा पडला होता आणि विहिरीचं तोंडही. वहीत त्यांच्या बिंदूपासून देवळापर्यंत वीस जरीबा लिहिल्या होत्या, विहिरीपर्यंत अठरा. जरीब म्हणजे सहासष्ट फुटांची लोखंडी साखळी. तेव्हा मोजणी तिनंच व्हायची. त्यांनी नवी दोरी आणली होती, सहासष्ट फुटांवर गाठी मारलेली. देवळापासून वीस, विहिरीपासून अठरा, अर्धा वेळ चिखलातून, अर्धा डोंग्यातून, ताणून, सरळ धरून. त्या वयात ते कमरेपर्यंत भिजले होते. दोन्ही मापं जिथं मिळाली, तिथं त्यांनी बांबू रोवला. "हे अंगन," ते म्हणाले.

धर्मानं सळई खुपसून पाहिली. चिखल. भोवती चार हातांत पाहिली. चिखल. पटवाऱ्यानंही पाहिली. अर्धा तास गेला. साहेब वही डोळ्यांजवळ नेऊन आकडे पुन्हा वाचत होते, ओठ हलत होते.

"आकडे बरोबर हायेत," ते म्हणाले. कोणीच विचारलं नव्हतं.

तेव्हा पारबताबाई डोंग्यातून उतरली. लुगडं खोचून ती बांबूपाशी गेली आणि तिथं थांबली नाही. पायानं चाचपत नदीकडं निघाली, देवळाकडं आणि विहिरीकडं पाठ करून. "हा खडक," ती स्वतःशीच म्हणत होती. "याच्यावरून आमी घागर आनो. याच्यावर पाय देल्ला की डावीकडं दार." एक, दोन, तीन. साहेब तिची पावलं मोजत होते. त्यांना मोजल्याशिवाय राहवत नसे. सहाव्या पावलाला ती थांबली. अंगठ्यानं चिखल ढकलला. मग उजवा पाय हळूच आत गेला, चिखलात जातो तसा नाही, भांड्यात जातो तसा.

"हे माहं उखळ," ती म्हणाली.

पटवारी पाण्यात वाकला. खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. "दोन खळगे आहेत," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "लहान्याला टवका आहे." आणि मग हात न काढताच त्यानं साहेबांकडं पाहिलं. "पण सर, तुमचा बिंदू तिकडं राहिला."

साहेब पाण्यात उभे होते. बांबूकडं बघत होते, मग पारबताबाईकडं. मी त्यांना ओळखत होते. आता ते म्हणतील, बाई चुकली असेल. ते म्हणाले, "पंधरा फूट. वीस जरीबांत पंधरा फूट. म्हंजे दर जरीबेले वीतभर." आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. "नाल्यात जरीब तुटली होती. शिपायानं तार घालून सांधली. ती लांब झाली होती. मी तपासली नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे त्या साखळीनं त्या साली जे जे मोजलं ते सगळं चूक. फळीवरचे नकाशे मी त्याच मापांनी जोडले. माही फळी चूक हाये." ते चिखलातून बांबूपाशी गेले, तो उपटला, आणून पारबताबाईच्या पायाशेजारी रोवला. "बिंदू इथी. बाकीचं मी हिच्यावरून पुन्हा मांडीन."

आपल्या आकड्यांपुढं कोणाचा शब्द न मानणारा माणूस. त्यानं आपलं सगळं खोरं एका बाईच्या पायाशी सरकवलं, आणि तेही हुज्जत न घालता.

पटवाऱ्यानं डोंग्यातच मांडीवर पॅड घेऊन पंचनामा लिहायला घेतला. पारबताबाई तशीच उभी, उजवा पाय उखळात. ऊन डोक्यावर आलं होतं.

"आजी, डोंग्यात बसा. मला वेळ लागेल."

"लिवा तुमी."

"अहो, उखळ काय पळून जाते का?"

"गाव पळालं ना जी," ती म्हणाली. "लिवा."

धर्मा हसायला लागला आणि मधेच थांबला. मी माझी ओढणी तिच्या डोक्यावर टाकली. पटवारी मोठ्यानं बोलत लिहीत होता: देवळापासून इतके अंतर, विहिरीपासून इतके, पाण्याची खोली, दगडी उखळ, खळगे दोन, लहान खळग्याचा काठ फुटलेला, वर्णन शोधापूर्वीच नोंदवलेले. मग त्यानं रिवाजाप्रमाणं सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. पारबताबाईनं एकदा त्याला थांबवलं, तिच्या सासूचंही नाव घालायला लावलं. घर तिनं बांधलं होतं म्हणाली.

सह्यांची वेळ आली. पंचाचं नाव, वय, हुद्दा. पटवारी म्हणाला, "सर, हुद्दा निवृत्त मोजणीदार लिहितो."

"आन इकडं." साहेबांनी कागद आपल्याकडं घेतला. ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून मनगट वर धरून, नकाशावर लिहायचे तशा बारीक सुबक अक्षरात लिहिलं आणि परत दिला. पटवाऱ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"सर, असा हुद्दा नसतो."

"माहा हाये."

"वर साहेब विचारतील मला."

"सांग, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. तुले कोनी काही म्हननार नाही."

"काय लिवलं जी सायबानं?" पारबताबाईनं पाण्यातून विचारलं.

पटवाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिला वाचून दाखवलं. "या घरासह सतरा घरे नकाशातून वगळणारा."

साहेब तिच्याकडं बघत नव्हते. डोंग्याची कड धरून उभे होते. ती म्हणाली, "सई केली का त्याच्याखाली?"

"केली."

"मंग आना शाई."

धर्मानं डोंगा तिच्याजवळ नेला. तिनं पदरानं अंगठा कोरडा केला, शाईत बुडवला, कागदावर दाबून धरला आणि उचलून ठसा नीट उठला की नाही ते पाहिलं. आणि मग उखळातून पाय काढला.